प्रिय करप्या

डव्ह हॉलो पार्क, जागा क्रमांक १७
केंटकी
सोमवार, १६ सप्टेंबर २०२४

प्रिय करप्या,

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. तुझा गुडघा, डेटनचा उकाडा, शेजाऱ्याचं भुंकणारं कुत्रं, सगळं वाचलं. माझं म्हणशील तर मी ठणठणीत. रे गेला, मी विधवा झाले, त्याला येत्या नाताळात तीन वर्षं होतील. त्याची ही आरव्ही, हे चाकांवरचं घर, अजून चालते, मीही चालते. दोघींचं थोडंथोडं तेल गळतं, पण वाटेत कुठे बसकण मारलेली नाही.

आता तू विचारलंस ते. ऑक्टोबरच्या बारा तारखेला, शनिवारी, इथल्या शेतावर गोड ज्वारीच्या काकवीचा उत्सव आहे आणि तुला नातीला घेऊन यायचंय. माझ्या शेजारी तुमची गाडी लागेल का, म्हणतोस. कारण काय, तर जूनीने माझ्या पाकिटावरचं नाव वाचलं आणि विचारलं, "आजोबा, व्हर्ना आजी तुम्हाला करप्या का म्हणते?" आणि तू म्हणालास, "तिलाच विचार."

वा रे शूरा! त्रेपन्न वर्षं झाली, अजून तुझ्या तोंडून निघत नाही? बाबांची अख्खी कढई, साठ गॅलन रस, सकाळपासून खपून मळी काढलेला, तू त्याचा कोळसा करून ठेवलास. यात सांगायला अवघड काय आहे? ये तू. कढईपाशी उभी राहून मीच सांगते तिला, आल्यागेल्यांच्या देखत.

पण येण्याआधी इथे काय माल भरलाय ते ऐकून ठेव.

पार्कने मला यजमानीण केलंय. म्हणजे माझ्या दारात पाटी ठोकलीय आणि लोक गेले की त्यांच्या चुलाण्यांतली राख मी उपसते. त्यामुळे सगळी मंडळी माझ्या नजरेखालून जातात. बसएवढ्या गाड्या घेऊन येतात नि म्हणतात, निसर्गात आलोय. निसर्ग म्हणजे काय, तर आत एक टीव्ही, बाहेर छपराखाली दुसरा, आणि खाली हिरवी सतरंजी, पायाला गवत लागू नये म्हणून. खरं गवत सतरंजीच्या खाली मरतंय. गाडी मागे घेताना तर बघायला तिकीट लावावं. नवरा आत, बायको मागे उभी राहून हातवारे करते. "डावीकडे! अरे डावीकडे! माझी डावी!" तीस वर्षांचा संसार त्या बारा फुटांत मोडायला येतो. एक बाई कुत्र्याला बाबागाडीतून फिरवते. कुत्र्याला चार पाय आहेत, चारी चांगले.

ती बाई म्हणजे सोळा नंबरवाल्या ड्युएनची बायको. ड्युएन निवृत्त दंतवैद्य, इंडियानाचा. मैल्याची नळी सोडायची असली की रबरी हातमोजे, गॉगल, तोंडाला फडकं बांधून निघतो. वाटावं, कुणाचं बाळंतपण करायला चाललाय. आणि नाक तर इतकं नाजूक की विचारू नकोस. परवा येऊन म्हणाला, "बाई, तुमच्या गाडीपाशी गॅसचा वास येतोय." मी म्हटलं, "तुला वासच फार येतात रे." तर माझ्या परवानगीशिवाय मागे जाऊन टाकीचा कॉक बंद करून आला आणि विचारतो, "तुमच्याकडे गॅसची घंटी नाही?" होती की. सारखी कोकलायची, म्हणून मागच्या वर्षीच उपटून टाकली.

शेताचं तर काय सांगू. याला 'वारसा शेत' म्हणतात. आईकडे होती तसली कपडे घासायची फळी भिंतीला टांगलीय आणि खाली लिहिलंय, हात लावू नये. मला हात लावायचा नव्हताच, जन्मभर लावलाय. मक्याचे दाणे काढायचं ते हाताने फिरवायचं यंत्र आठवतं? ज्याच्या भीतीने तू गवताच्या गंजीत लपायचास? ते फिरवायला इथे लोक रांग लावतात आणि फोटो काढून घेतात.

सगळं दाखवायला टेसा नावाची मुलगी आहे. चोवीस वर्षांची, इतिहासात पदवी. डोक्याला टोपडं, अंगात घोट्यापर्यंत झगा, नाकात कडी, आणि झग्याखाली पळायचे बूट. लोकांना सांगत होती, "पूर्वीच्या बायका साबण घरी करत." मी मागून विचारलं, "पूर्वीच्या म्हणजे कोण गं?" तर लाल होऊन म्हणते, "म्हणजे, मिस व्हर्ना, तुमच्यासारख्या." पोरगी वाईट नाही. पण काकवी कशी करते माहीत आहे? कढईत तापमापक खुपसून! काटा दोनशे अठ्ठावीसवर गेला की म्हणे उतरवायची. मी ते पाहिलं आणि मला बाबांची आठवण होऊन कपाळाला हात लावावासा वाटला. बाबा नाकाने कढई उतरवायचे. सहा काऊंटींत त्यांच्यासारखी काकवी नव्हती, आणि त्यांच्या हातची विद्या आता जिवंत आहे ती एकट्या माझ्यापाशी. तू तर तेव्हाच बाद झालास.

म्हणून मी कंबर कसली. टेसाला म्हटलं, तुमचं ते बाहुलीघर पुरे, कढई माझ्या ताब्यात द्या. दिली. अठ्ठावीस तारखेला उत्सवाआधीची रंगीत तालीम आहे. यांना एकदा दाखवतेच काकवी म्हणजे काय.

माझी किंमत मात्र त्यांना कळू लागलीय. दर मंगळवारी मी शेतावरच्या पोरांना मक्याचा पाव नेऊन देते, आईच्या पद्धतीचा, डुकराच्या चरबीतला. ताट परत येतं ते चाटूनपुसून लख्ख. कणही उरत नाही.

तेव्हा ये. अठरा नंबरची जागा रिकामी आहे.

तुझी थोरली बहीण
(न करपलेली)
व्हर्ना


रविवार, २९ सप्टेंबर

प्रिय हॉलिस,

घाईत लिहितेय. तू येऊ नकोस.

धाटं यंदा बोटाएवढी बारीक आहेत, रस निघेल असं वाटत नाही. कढईच्या तळाला भोक पडलंय. उत्सव होईल की नाही याचीच शंका. झाला तरी बघण्यासारखं काही नाही, गर्दी, धूळ, आणि गांधीलमाश्या. अठरा नंबरची जागाही गेली, तुमच्या ओहायोच्याच कुणीतरी घेतली.

जूनीला सांग, काकवी दुकानात बाटलीत मिळते. तशीच लागते. तुझा गुडघाही इतक्या लांबच्या प्रवासाला बरा नाही. पुढे कधीतरी बघू.

टेसाची तालीम काल झाली. ठीक झाली.

मी बरी आहे.

व्हर्ना


गुरुवार, ३ ऑक्टोबर

प्रिय हॉलिस,

रविवारचं पत्र मिळालं असेल तर चुलीत घाल. त्यात तारीख तेवढी खरी होती. धाटं मनगटाएवढी आहेत. कढईला भोक नाही. अठरा नंबर रिकामा आहे, पालापाचोळा काढून मी आजच झाडून घेतलाय.

कढई करपली, हॉलिस. मी करपवली.

आता सगळं सांगते, मध्ये थांबले तर पुन्हा लिहायला घेणार नाही.

शनिवारी सकाळी ओपलला चरकाला जुंपलं. ओपल म्हणजे इथलं खेचर, त्याला तरी काम येतं. आठ वाजता साठ गॅलन रस चढवला. चाळीसएक माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन बसली होती, ड्युएन बायको-कुत्र्यासह पहिल्या रांगेत. मी टेसाचा तापमापक काढून एप्रनच्या खिशात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ज्याला ताप आलाय त्याला लावा हा." लोक हसले. मला बरं वाटलं. दुपारी दोनपर्यंत सगळं बाबांसारखं झालं. हिरवी मळी झाऱ्याने काढून खड्ड्यात टाकली, रस हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा तांबूस झाला. पोरांना धाटाच्या ढलप्या दिल्या, फेस चाटायला.

मग बुडबुडे मोठे होऊ लागले. टेसा म्हणाली, "मिस व्हर्ना, बेडकाच्या डोळ्यांएवढे झालेत."

"दिसतंय मला."

"उतरवायची?"

"वास येऊ दे."

बाबा काय सांगायचे? वाफेत डोळे फसतात, कढई वासाने उतरव. मी ओगराळं हातात धरून त्या वासाची वाट पाहत उभी राहिले. भाजलेल्या सफरचंदासारखा, त्यात किंचित ओलं गवत. इतका पाठ आहे मला की किती दिवस मी आठवणीतलाच वास घेत होते.

"मिस व्हर्ना, आता?"

"गप गं. तुझ्या टोपड्याला काय कळतं?"

तेवढ्यात ड्युएन उठला. "बाई, करपतंय!"

"तुला वासच फार येतात, ड्युएन," मी म्हटलं. पुन्हा लोक हसले. थोडेच, पण हसले. मीही हसले. मग पाहिलं तर टेसा माझ्याकडे बघत नव्हती. तिने आडवे दांडे कढईच्या कड्यांत घातले होते आणि "उचला! उचला रे!" म्हणून ओरडत होती. चौघांनी कढई खाली घेतली. मी ओगराळं बुडवून वर धरलं. काठावरून काकवीचा पातळ, रुंद पदर सुटायला हवा होता, काळी तार सुटली.

मला कसला म्हणजे कसलाही वास आला नाही, हॉलिस. धुरात उभी होते मी, आणि जणू चांदण्यात उभी होते.

पुढचं ऐक. कुणी हसलं नाही. याचाच मला सगळ्यात राग आला. टेसा लोकांना म्हणाली, "कढई जुनी आहे, तळ पातळ झालाय." ड्युएन म्हणाला, "वारा फिरला, त्याने जाळ वाढला." त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं. दंतवैद्य माणूस, त्याला वाऱ्यातलं काय कळतं? आणि त्याच्या बायकोने, त्या बाबागाडीवालीने, मला धरून तिच्या खुर्चीत बसवलं आणि लिंबाचं सरबत दिलं. चाळीस माणसं माझ्यासाठी खोटं बोलत होती, तेही इतकं वाईट की माझ्या चार वर्षांच्या पणतूने पकडलं असतं.

संध्याकाळी टेसा नि मी वाळूने कढई घासत बसलो. करपलेली काकवी कशी निघते ते तुला सांगायला नको. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "कधीपासून, मिस व्हर्ना?"

"काय कधीपासून?"

"नाक."

मी म्हटलं, "दोन हिवाळ्यांपूर्वी मोठा ताप आला होता, तेव्हापासून. तुला कुणी सांगितलं?"

ती घासतच राहिली. म्हणाली, "तुमच्या चरबीचा डबा खवट झालाय. तुमचा मक्याचा पाव आम्ही पाच आठवडे कोंबड्यांना घालतोय."

"आणि ताट?"

"ताट धुऊन देतो."

मी हसत सुटले. मग रडले. त्या पोरीने तिचं टोपडं काढून माझ्या हातात दिलं, डोळे पुसायला. त्याचा काही तरी उपयोग झाला एकदाचा.

यजमानीण म्हणून मी चुलाण्यांतली राख उपसते, सगळ्यांना नावं ठेवते, आणि माझ्याच गाडीत गॅस भरत होता ते त्या ड्युएनच्या नाकाने कळलं. मंगळवारी त्याने नवी घंटी आणून बसवली. मी त्याला कॉफी करून दिली. बिचाऱ्याने सगळी प्यायली, चेहरा वाकडा न करता. त्या कॉफीत दूध होतं, आणि ते कधीचं होतं देव जाणे. कुत्र्याच्या बाबागाडीबद्दल माझं मत मात्र बदललेलं नाही.

एवढं लिहून उठले होते. चुलीवर पाणी ठेवलं, परत बसले. कारण खरं लिहायचंय ते हे नाही.

एकाहत्तर सालच्या त्या दिवशी कढईवर पाळी माझी होती. तू सतरा वर्षांचा. तुझं नाक चार दिवस चोंदलेलं होतं आणि हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण आदल्या संध्याकाळी तुझ्या छातीला कापूर मीच चोळला होता. तरी मी झारा तुझ्या हातात दिला, म्हटलं, "वास आला की हाक मार," आणि गेले. रे चरकापाशी खेचर हाकायला आला होता. आम्ही मक्याच्या कोठीमागे होतो.

तू हाक मारली नाहीस. कशी मारणार?

धूर दिसला तशी मी धावत आले. माझ्या केसांत मक्याची सालं होती. बाबांनी तुझ्याकडे पाहिलं, कढईकडे पाहिलं, आणि आता ते विचारणार, व्हर्ना कुठे होती? त्याच्या आत मी हसले. मोठ्याने. बोट दाखवून म्हटलं, "करप्या!" मग सगळे हसले. लोक हसत असले की प्रश्न विचारत नाहीत, एवढी अक्कल मला बाविसाव्या वर्षी आली होती. पुढे ते नाव दुकानात गेलं, चर्चात गेलं, आणि पुढच्या वसंतात तू डेटनला कारखान्यात गेलास. मी म्हणायचे, काय हा रुसूबाई, एका कढईवरून घर सोडलं.

तू मला कोठीमागे जाताना पाहिलं होतंस. मान वळवून पाहिलं होतंस, मला आठवतंय. बाबांना बोलला नाहीस. बाबा गेले तेव्हा नाही, आई गेली तेव्हा नाही, रेच्या दफनाला आलास तेव्हाही नाही. मी दर पाकिटावर ते नाव घालत राहिले आणि तू दर पाकिटाला उत्तर देत राहिलास.

आणि आता नातीला म्हणालास, "तिलाच विचार." मी त्यात तुझा भित्रेपणा पाहिला. बाई गं, काय माझी नजर!

काल टेसा आली होती. बारा तारखेला कढई कोण उतरवणार, विचारत होती. मी म्हटलं, तुझा काटा घाल आणि उतरव, मी पुन्हा ओगराळ्याला हात लावणार नाही. ती म्हणाली, "हात तुमचाच हवा, मिस व्हर्ना. नाक दुसऱ्या कुणाचं तरी घेऊ." ड्युएन तयार आहे. आधीच कुणाकडून तरी एप्रन मागून ठेवलाय त्याने.

मला ड्युएनचं नाक नको आहे.

तू ये. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोच, म्हणजे उजेडात गाडी मागे घेता येईल. मी मागे उभी राहून हातवारे करेन, तू माझ्यावर ओरड, माझी हरकत नाही. शनिवारी वारा कढईची वाफ नेईल त्या अंगाला उभा राहा आणि वास आला की हाक मार. या वेळी मी कोठीमागे नसेन. तुझ्या हाकेबरोबर उतरवेन, टेसाचा काटा काहीही म्हणो.

चुकलं आणि करपलं, तर दोघांचं करपेल.

जूनीला जे विचारायचंय ते तिने मलाच विचारावं, कढईपाशी, आल्यागेल्यांच्या देखत. मी मागे म्हटलं होतं तसंच. गोष्ट मात्र वेगळी सांगेन. तिच्यासाठी धाटाची ढलपी तासून ठेवते. मळीच्या खड्ड्यावर चिपाडं पसरून मी तुला त्यात पाडलं होतं, तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. यंदा खड्डा उघडा ठेवायला सांगितलाय, भोवती दोरी लावून. तरी बघून चाल.

पाकिटावर तुझं पूर्ण नाव घातलंय, मिस्टर हॉलिस एडविन प्रुइट. तुमचा पोस्टमन चक्रावेल. त्याला सांग, पत्र त्याच माणसाचं आहे.

उत्तर लिहू नकोस, वेळ नाही. नुसता ये.

तुझी थोरली बहीण
(करपलेली)
व्हर्ना